पूर ओसरल्यावर कारागिराचं काम पुन्हा सुरू करायचं तर: क्रम, प्रमाण आणि नेहमीच्या चुका

काठपदर

आपत्तीनंतर धान्य, ताडपत्र्या, औषधं कशी पोचवायची यावर भरपूर लिहिलं जातं. हा चर्चेचा धागा त्यानंतरच्या टप्प्यासाठी आहे: विणकर, कुंभार, रंगारी, सुतार यांचे हात पुन्हा कामाला कसे लागतील. सहानुभूती गृहीत धरलेली आहे, त्यामुळे प्रतिसादांत माप, क्रम आणि कारणं येऊ द्या. ज्याला जे काम आतून माहीत आहे त्याने तेवढंच लिहावं.

हातमागापासून सुरुवात करतो. मदत करणाऱ्या गटाची पहिली घोषणा बहुधा "इतके नवे माग देणार" अशी असते. फोटोही छान येतो. पण पुरात बुडालेला लाकडी माग सहसा टाकाऊ होत नाही. घट्ट लाकडाची चौकट सावलीत वाळवली, सांधे पुन्हा ठोकले की उभी राहते. खरं नुकसान होतं ते मागावर चढवलेल्या ताण्याचं (उभ्या धाग्यांचं), वही-फणीचं (धागे वर-खाली करणारी वही आणि ते ओळीत ठेवणारी फणी), कांड्यांवरच्या सुताचं आणि विकायला ठेवलेल्या कापडाचं. थोडक्यात, बुडतं ते खेळतं भांडवल.

एक हिशेब मांडतो. ४० नंबरी सुती सूत (नंबर जितका लहान तितकं सूत जाड), पन्हा ४८ इंच, इंचाला ६० उभे धागे, ताणा ४० मीटरचा. उभे धागे झाले २,८८०, त्यांची एकूण लांबी १,१५,२०० मीटर. या नंबरचं सूत ग्रॅमला साधारण ६७.७ मीटर भरतं, म्हणजे ताण्याला १.७ किलो. इंचाला ५६ आडवे धागे धरले तर बाण्याला दीड किलोच्या आसपास. तुटफूट धरून साडेतीन किलो सूत. दिवसाला तीन-चार मीटर विणलं तरी हे दहा-बारा दिवसांचं काम झालं. अख्खा माग बनून यायला महिने लागतात. साडेतीन किलो सूत आणि वही-फणीची एक जोडी आठवड्यात पोचू शकते.

वहीफणी

हिशेब बरोबर आहे, फक्त त्यात खळ (ताण्याला लावायची पेज) आणि ताणा काढून देणाऱ्याची मजुरी धरा. सूत दिलं आणि ताणा काढणाऱ्याचं घरच पडलेलं असेल तर ते सूत पोत्यात पडून राहतं.

आता बुडालेल्या मागाचं काय करायचं ते क्रमाने.

काहीही हलवण्याआधी फोटो: चारही बाजू, मागावरचं कापड, भिंतीवरची पाण्याची रेघ. भरपाईचा किंवा विम्याचा दावा पुढे यावरच उभा राहतो. साफसफाईच्या उत्साहात हा पुरावा पहिला जातो.

मग ताणा. मागावरच धुऊन वाचवायचा मोह होतो, तो टाळा. खळ पिठाची असते, ओली राहिली की एक-दोन दिवसांत बुरशी धरते आणि सूत कुजायला लागतं. शिवाय गाळाचे बारीक कण धाग्यात अडकतात आणि फणीतून जाताना कानशीसारखे घासतात. धुतलाच तर धागे कमीजास्त आटतात आणि ताण एकसारखा राहत नाही. तेव्हा कापायचा. पण सगळा नाही. वही-फणीच्या पुढे-मागे हात-दीड हात धागे ठेवा, त्यांच्या छोट्या जुड्या करून गाठी मारा आणि मग वही-फणी जोडीनेच काढा. पुढे नवा ताणा याच टोकांना धाग्याला धागा सांधून आत ओढता येतो. नाहीतर २,८८० धागे एकेक करून वहीच्या डोळ्यांतून आणि फणीच्या घरांतून पुन्हा ओढावे लागतात आणि नक्षीचा क्रमही पुन्हा लावावा लागतो. वही दोऱ्याची असून काळी पडली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, ती बदलावीच लागते. सांधण्याआधी उरलेली टोकं ओढून पाहा. झटक्यात तुटत असतील तर ती नवा ताणा ओढून नेणार नाहीत.

फणी: पोलादी असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ ब्रश घरांच्या दिशेनेच फिरवा, आडवा नको. लगेच वाळवून हलकं तेल पुसा आणि विणायच्या आदल्या दिवशी ते तेल कोरड्या कापडाने काढा, नाहीतर पहिल्या मीटरभर कापडावर डाग येतात. बांबूची फणी धुऊन सपाट फळीवर ठेवा आणि वर वजन ठेवून सावलीतच वाळवा. फुगून वाकलेली काडी कापडात उभी रेघ उमटवते. अर्धा मीटर पांढरं विणून उजेडासमोर धरलं की लगेच दिसतं.

चौकट: गाळ ओला असतानाच धुवा, पाण्याचा जोरदार फवारा सांध्यांत मारू नका. पाचरी सैल करा, पाय विटांवर उचला, भोवती हवा खेळू द्या. ऊन नको, शेकोटी तर नकोच. वरचा थर आधी आटतो आणि लाकूड तडकतं. जाड खांबांना दोन-तीन आठवडे लागतात. ओलं असतानाच पाचरी ठोकून विणायला बसलं तर लाकूड वाळेल तसा माग ढिला होतो आणि फणी तिरकी आपटायला लागते. उभा केल्यावर कर्ण दोरीने मोजा. दोन्हींत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

कुतूहल

खड्डामागाचं (खड्ड्यात पाय सोडून विणायच्या मागाचं) काय? खड्डा पाण्याने आणि गाळाने भरलेला असतो. पंप लावून लगेच रिकामा करावा का?

वहीफणी

लगेच पूर्ण रिकामा करू नका. आजूबाजूची जमीन पाण्याने तुडुंब असते. आतलं पाणी एकदम काढलं की बाहेरचा दाब खड्ड्याच्या भिंती आत ढकलतो, मातीच्या भिंती तर बसतातच. रोज तिसरा हिस्सा उपसा. संध्याकाळी काठीवर खूण करा आणि रात्रीत पातळी किती चढते ते पाहा. चढायची थांबली की उरलेलं काढा. गाळ ओला असतानाच फावड्याने निघतो, वाळल्यावर कुदळ लागते आणि भिंतीही तुटतात. तळाशी चार इंच खडी आणि वर वाळू टाका. पावडी दाबताना पाय चिखलात नको. उतरताना गमबूट घाला, जखम असेल तर उतरू नका, लेप्टोचा (घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा) धोका असतो.

तोवर माग खड्ड्याबाहेर उंच पायांवर उभा करता येतो. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. खड्ड्यातल्या ओलाव्याने ताण्याला दमटपणा मिळत असतो. सुती सुताला ६५-७० टक्के आर्द्रता मानवते. वर आणलेल्या मागावर कोरड्या दिवसांत धागे जास्त तुटतात आणि विणकर सुताला दोष देतो. ताण्याखाली ओलं पोतं अंथरलं तरी पुष्कळ फरक पडतो.

निळाई

रंगशाळेबद्दल लिहिते, कारण इथे चुकीमुळे आगच लागते.

हायड्रोस (नीळ विरघळवायला वापरतात ती पांढरी भुकटी) थोडीशी भिजली की आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. पूर ओसरल्यावर बंद खोलीत भिजलेला ड्रम असेल तर तो आधी तपासायचा. ड्रम गरम लागला किंवा जळक्या गंधकासारखा उग्र वास आला तर हात लावू नका, माणसं लांब न्या आणि अग्निशमनवाल्यांना रसायनाचं नाव सांगून बोलवा. थंड असेल तर हातमोजे आणि गॉगल घालून उघड्यावर, जळाऊ सामानापासून दूर न्या. झाकण घट्ट लावू नका आणि "विझवायला" म्हणून पेलाभर पाणी तर अजिबात ओतू नका. थोडं पाणीच घातक असतं. कळीच्या चुन्याच्या पोत्यांचंही तेच, भिजली की तापतात. शेजारी गवत किंवा सूत नको. कॉस्टिक सोड्याची पिशवी फुटून पसरली असेल तर त्या चिखलात अनवाणी जाऊ नका. आणि काहीही विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नका, पुढे तेच पाणी तुम्हाला रंगाला लागणार आहे.

पाणी ही रंगारी लोकांची खरी अडचण. पुरानंतर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, पिण्यासाठी ते बरोबरच आहे. पण उरलेला क्लोरीन रंग खातो आणि निळीचं पीप बिघडवतो. पाणी उघड्या टाकीत २४ तास ठेवा, घाई असेल तर चिमूटभर हायपो (सोडियम थायोसल्फेट) घाला.

दुसरी भानगड लोहाची. चाचणी सोपी आहे: दोन काचेचे पेले, एकात साठवलेलं पावसाचं पाणी, दुसऱ्यात तपासायचं पाणी. दोन्हींत चमचा-चमचा हिरड्याचा काढा. दुसरा पेला राखाडी-काळा झाला तर पाण्यात लोह आहे आणि लाल-पिवळे रंग मळकट येणार. असं पाणी उंचावरून धार धरून टाकीत पाडा, रात्रभर निवळू द्या, तळाशी तांबूस साका बसला की वरचं पाणी वाळूतून गाळून घ्या आणि पुन्हा हिरड्याने तपासा.

हे किरकोळ वाटत असेल तर कच्छचं उदाहरण पाहा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडक्यातल्या अजरख छपाई करणाऱ्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. घरं पडली होतीच, पण पाण्यात वाढलेलं लोह हेही त्यामागचं मोठं कारण होतं. पुनर्वसनाची जागा ठरवताना रस्ता आणि वीज सगळे पाहतात. रंगाऱ्यांच्या बाबतीत आधी पाणी तपासायला हवं.

छपाईचे लाकडी ठसे: गाळ नक्षीत वाळू देऊ नका. साध्या पाण्यात मऊ ब्रशने धुवा, उभे ठेवून सावलीत हळूहळू वाळवा आणि पूर्ण वाळल्यावरच तेलात बुडवून ठेवा. ओलसर ठसा तेलात टाकला तर ओल आत कोंडते. सपाट काचेवर ठेवून डुगडुगतो का पाहा. डुगडुगणाऱ्या ठशाचा रंग कोपऱ्यात उमटत नाही.

भिजलेलं कापड: रंगीत आणि पांढरं लगेच वेगळं करा, ढीग करू नका. वाळवण्याआधी साध्या पाण्यात गाळ निघेपर्यंत खळबळा. रेशीम आणि लोकरीला क्लोरीनचं ब्लीच कधीच नाही, तंतूच खातं.

काठपदर

भिजलेल्या लडींबद्दल भर घालतो. धुऊन बांबूवर वाळवलेलं सूत हाताने ओढून, जमल्यास शेजारी नवा धागा धरून तुलना करा. बऱ्यापैकी टिकत असेल तरी ते बाण्यालाच वापरा, ताण्याला नको. सगळा ताण आणि फणीचं घासणं ताणाच सोसतो.

आवेकरी

कुंभारकामाला सगळ्यात जास्त घात करते ती घाई. ओल्या भट्टीत पहिल्याच आठवड्यात जाळ घातला की विटांतल्या पाण्याची वाफ होऊन विटा तडकतात, घुमट सुटतो. क्रम असा:

आधी तोंड आणि धुराडं उघडं ठेवून किमान दहा-बारा दिवस नुसत्या हवेवर. मग अगदी लहान जाळ, आतलं तापमान १०० अंशांच्या खाली ठेवून आठ-दहा तास. धुराच्या वाटेवर थंड काच किंवा आरसा क्षणभर धरा. धुकं धरलं तर आत पाणी आहे, तिथेच थांबा. काच कोरडी राहिली की तासाला ५० अंशांच्या वर न जाता ६०० पर्यंत न्या. ५७३ अंशांच्या आसपास विटेतली सिलिका एकदम फुगते, तिथे विशेष सबुरी. हा पहिला फेरा रिकामा किंवा फक्त चाचणीच्या तुकड्यांवर. गिऱ्हाइकाचा माल त्यात कधीच घालू नका.

भूकंपानंतर वेगळं पाहायचं. घुमटाचा मधला भाग बसलाय का, धुराडं ओळंब्यात आहे का. वरून लिंपलेली भेग म्हणजे दुरुस्ती नव्हे. बसलेला घुमट उतरवूनच बांधायचा.

भिजलेली माती वाया गेलेली नसते. ती पातळ करून ८० नंबरच्या जाळीतून गाळली की बहुतेक कचरा जातो. पण पुराचा गाळ मिसळला असेल तर दोन चाचण्या केल्याशिवाय वापरू नका. एक, वाळलेल्या गोळीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. जाळीतून सुटलेला चुन्याचा कण भाजल्यावर कळीचा चुना होतो, मग हवेतली ओल पिऊन फुगतो आणि आठ-पंधरा दिवसांनी भांड्याचा टवका उडवतो, तोही विकून झाल्यावर. दोन, लहान टिकल्या करून वाळवा. कडांवर पांढरी झाक आली तर क्षार आहेत, त्यावर झिलई (भांड्यावरचा काचेसारखा थर) नीट धरत नाही. सांडपाणी शिरलेली माती मळताना हातमोजे घाला.

प्लास्टरचे साचे उन्हाच्या झळीत किंवा भट्टीजवळ वाळवू नका. ५० अंशांच्या वर जिप्समचं पाणी सुटायला लागतं आणि साचा भुगभुगीत होतो. भिजून दगड झालेली प्लास्टरची पोती मात्र टाकूनच द्या.

ओतकाम करणाऱ्यांसाठी एकच ओळ: भिजलेल्या साच्यात किंवा मुशीत वितळलेलं पितळ पडलं की वाफेचा स्फोट होतो. ग्राफाइटची मूस आधी मंद आचेवर पूर्ण सुकवा, मगच कामाला घ्या.

रंधा

हत्यारांबद्दल थोडक्यात. पटाशी, रंध्याचं पातं, करवत साध्या पाण्यात धुवा, पुसा, लगेच तेल लावा. गंज धरलाच असेल तर व्हिनेगरमध्ये काही तास ठेवा, घासा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, धुवा, वाळवा, तेल. जाळावर धरून वाळवू नका. १५०-२०० अंशांच्या पुढे पात्याचं पाणी (कडकपणा) उतरायला लागतं, मग ते धारच धरत नाही.

बुडालेली मोटर कोरडी दिसते म्हणून चालू करू नका. उघडून गोड्या पाण्याने धुवा, ८०-९० अंशांवर वाळवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासा. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर पुन्हा वाळवा. बेअरिंग आणि कपॅसिटर नवेच घाला.

जमाखर्च

वर सगळं एकेका कारागिराबद्दल आलं. गटाने मदत करताना साखळी पाहिली नाही तर पैसा जातो आणि काम सुरू होत नाही.

जपानमध्ये १ जानेवारी २०२४ च्या नोटो भूकंपात वाजिमा शहराला मोठा फटका बसला. तिथल्या लाखकामात लाकूड कातणारा, अस्तर चढवणारा, घासणारा, शेवटचा थर देणारा, सोन्याची नक्षी काढणारा हे सगळे वेगवेगळे असतात. यातला एक जण कामाबाहेर गेला की पुढचे सगळे बसून राहतात. हातमागातही फणी बांधणारा, ताणा काढणारा, रंगारी, जकार्डची (नक्षी विणायच्या यंत्राची) कार्डं पाडणारा अशी मोजकी माणसं शेकडो मागांना पुरतात. त्यांची नावं "विणकरांच्या यादीत" नसतात, म्हणून मदतीतून तेच सुटतात.

कच्च्या मालाची साखळी याहून नाजूक. फुकुशिमातल्या नामिए गावच्या ओबोरी सोमा कुंभारांना २०११ मध्ये अणुभट्टीच्या दुर्घटनेमुळे गाव सोडावं लागलं. चाक आणि भट्टी दुसरीकडे मिळते, पण झिलईचा दगड त्या रिकाम्या केलेल्या पट्ट्यात अडकला. पर्यायी झिलई बसवल्यावरच ओळखीचा माल पुन्हा निघू लागला. आपल्या कारागिराचा असा "एकच जागी मिळणारा" माल कोणता, हे पहिल्याच भेटीत विचारा.

आणि फुकट सूत वाटण्याआधी फणीचा नंबर विचारा. ४० नंबरी सुताची फणी असलेल्याला २० नंबरी दिलं तर ते घरांत घासतं. कोनावरचं (शंकूच्या रिळावरचं) सूत दिलं आणि रंगारी लडीवर रंगवतो, तर आधी लड पाडण्याचा खर्च त्याच्याच माथी.

कुतूहल

डागाळलेला माल विकायला मदत करावी की नाही? केरळमध्ये २०१८ च्या पुरानंतर चेंदमंगलमच्या हातमागाच्या खराब झालेल्या कापडाच्या चेकुट्टी बाहुल्या केल्या होत्या, त्या खूप खपल्या.

काठपदर

तो उपक्रम चांगलाच होता. ओणमच्या तोंडावर भिजलेला, एरवी फेकून द्यावा लागला असता असा साठा त्यातून पैशात आला. पण नक्कल करताना दोन गोष्टी पाहा. कापड आधी धुऊन, निर्जंतुक करून घेतलेलं असावं. आणि त्या विक्रीचा पैसा विणकराच्या पुढच्या ताण्यापर्यंत किती दिवसांत पोचतो ते आधी ठरवा. माझ्या मते "पूरग्रस्त" छापाचा माल एकदाच विकावा. दुसऱ्यांदा लोक दयेने घेतात, तिसऱ्यांदा घेत नाहीत, आणि तोवर नेहमीच्या मालाचा भावही खाली आलेला असतो.

जमाखर्च

सहमत. त्यापेक्षा नेहमीच्या व्यापाऱ्याकडून किंवा गटाकडून आगाऊ ऑर्डर मिळवा: नेहमीच्याच जातीचा माल, नेहमीचाच भाव, अर्धे पैसे सूत घेताना, उरलेले माल देताना. मुदत पूर्वीच्या दीडपट धरा. ओल्या घरात, फणी उसनी आणून विणणारा माणूस पूर्वीच्या वेगाने विणत नाही. या काळात नवी डिझाइनं लादू नका. हात बसलेलं काम आधी सुरू होऊ द्या.

काठपदरांच्या पहिल्या मुद्द्याला एक अपवाद. आग किंवा भूकंपात माग चिरडले, जळाले असतील तर नवे लागतातच. ते एका कारखान्यातून एकाच मापाचे मागवण्यापेक्षा जवळच्या सुताराकडून करून घ्या. बैठकीची उंची आणि पावडीचं अंतर विणकराच्या पायावर ठरतं. माप चुकलं तर कंबर धरते आणि माग कोपऱ्यात जातो.

कुतूहल

पाहणीला जाताना फॉर्म कसा करावा? आमच्या गटाकडे नाव, गाव, नुकसान एवढेच रकाने आहेत.

जमाखर्च

"नुकसान" या रकान्यात सगळे माग लिहितात. त्याऐवजी हे रकाने करा: कामाचा कोणता टप्पा करता, उद्या काम सुरू करायला सगळ्यात लहान कोणती वस्तू कमी पडते, तिचं माप किंवा नंबर, ती कोण बनवतो आणि तो सध्या काम करतोय का, हातात असलेली ऑर्डर आणि तिची मुदत, कोणाची उधारी थकलीय. शेवटचा रकाना एकट्यात विचारा, चारचौघांत खरं उत्तर येत नाही. घरात बायका कांड्या भरत असतील किंवा झिलई चढवत असतील तर त्यांचा फॉर्म वेगळा. चरखा किंवा चाळणी गेली हे बहुधा त्यांनाच माहीत असतं.

फॉर्म भरून झाले की चौथ्या रकान्यात एकच नाव किती वेळा आलं ते मोजा. तीस विणकरांपैकी बावीस जणांनी एकाच फणी बांधणाऱ्याचं नाव लिहिलं असेल, तर पहिली मदत त्याच्याकडे जाते: कोरडी खोली, बांबू, दोरा आणि पहिल्या पंधरवड्याची मजुरी.

वहीफणी

त्याला बांबू देताना वाळलेला द्या. पुरानंतर बाजारात येतो तो बहुतेक ओला किंवा भिजलेला असतो. त्याच्या काड्या महिन्याभरात आटतात, फणीची घरं मोठी होतात आणि तीच फणी पुन्हा बांधावी लागते.